हिलाल आबा, पंप मी धुतला नव्हता

आबा, सोमवारी वडिलांबरोबर, आपल्या नानांबरोबर, तुमच्या दुखवट्याला दारावर बसायला आले होते. ओट्यावर सतरंजी टाकलेली, पुरुष बाहेर, बायका आत तुमच्या कारभारणीपाशी, अक्कांपाशी. तुमच्या गावात मी पहिल्यांदाच आले, हे सांगायचीही लाज वाटते. अकरा वर्षं तुम्ही आमच्याकडे सालदार होतात, रोज माझ्याआधी उठून कामाला लागायचात, आणि तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे हे मला किराणा दुकानात विचारावं लागलं.

बाहेर नाना तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. बैलांवर कधी हात उगारला नाही, बांधावरून कधी कुणाशी भांडण नाही, घरच्यासारखं राहिले. ओट्यावरचे सगळे माना हलवत होते. मग नाना म्हणाले, "त्या पंपाचं एक सोडलं, तर माणसाला नाव ठेवायला जागा नव्हती." त्यावरही माना हलल्या. मी आत दाराला टेकून बसले होते. सगळं ऐकलं आणि साडीच्या पदराशी खेळत बसले, जशी नववीत बुटाच्या नाडीशी खेळत बसले होते.

बारा वर्षं झाली आबा, आणि तुम्ही गेल्यावर तुमच्याच दारात, तुमच्या नावाला अजून तो पंप लटकलेला. तो तिथे मी लटकवलाय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, त्यातला चोर आता जळगावच्या एका शाळेत गळ्यात शिट्टी अडकवून पोरींना शिस्त शिकवतो. उशीर झाला की मैदानाला दोन फेऱ्या, खोटं बोललं की चार. माझ्या किती झाल्या असत्या, ते तुम्हीच हिशेब करा.

तुम्हाला आठवतं ना, नानांनी मला पळायला कोणत्या अटीवर सोडलं होतं? शाळा सुटली की मैदानावर जा, पण शेतातलं तुझं काम तुझंच. ठिबकचा फिल्टर साफ करायचा, गुरांना पाणी दाखवायचं, फवारणी झाली की पंप धुवायचा. आई निंदणीला, तुम्ही बैलांमागे, नाना पाठीच्या दुखण्याने वाकलेले, मग उरलेलं करणार कोण? एक काम चुकलं की मैदान बंद, असं त्यांनी जेवायला बसल्यावर सांगितलं होतं, आणि नाना जेवताना जे बोलत ते कधी बदलत नसत. मला पारोळ्याला सायकलने सहा किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, वर गृहपाठ. शाळेत पायाला चिखल म्हणून हसायचे, शेतात बूट घातले म्हणून हसायचे. दोन्हीकडे मी अर्धीच होते.

तुम्ही एकटेच होतात, ज्यांना माझं पळणं हे काम वाटायचं. मळ्याच्या चारी बांधांवरून पावलं मोजत तुम्ही चाललात, कोपऱ्याकोपऱ्यावर कडुनिंबाच्या काड्या रोवल्या आणि म्हणालात, हे तुझं मैदान. घड्याळ आपल्याकडे नव्हतं. तुम्ही कपाशीत कोळपं धरायचात आणि म्हणायचात, माझी जाऊन-येऊन एक पाळी होईपर्यंत तुझ्या दोन फेऱ्या झाल्या पाहिजेत. मी आधी पोचले की तुम्ही शाबासकी द्यायचा नाहीत. पुढच्या पाळीला बैलांना हळूच चुचकारायचात, ते पाय उचलायचे आणि मी पुन्हा हरायचे. मी भांडायचे, हे चीटिंग आहे आबा. तुम्ही म्हणायचात की चीटिंग बैलांनी केलं, त्यांना विचार.

आपलं खरं भांडण मात्र दुसरंच होतं. शेवटच्या फेरीत मान वळवून मागे पाहायची मला सवय होती. खेळाचे सर म्हणायचे, कोण किती जवळ आलंय हे बघावं लागतं. तुम्हाला ते अजिबात पटत नव्हतं. तुम्ही कोळपं थांबवून ओरडायचात, "मांगे काय देखस? मांगे मी शे."

तेव्हा मी हसायचे. खरंच मागे तुम्हीच असायचात, तुम्ही आणि दोन बैल.

आता ती गोष्ट. तुम्हाला सगळी माहीत आहे, तरी मला एकदा पहिल्यापासून सांगू द्या, कारण तुमच्यासमोर मी ती कधी पूर्ण बोललेच नाही.

आपल्याकडे फवारणीचे दोन पंप होते. एक कपाशीच्या औषधाचा आणि एक तणनाशकाचा, ज्याच्या दांडीला तुम्ही लाल चिंधी बांधली होती. त्या वर्षी औषधाच्या पंपाची बॅटरी बसली. कपाशीवर मावा आला होता, थांबायला सवड नव्हती. नाना म्हणाले, लाल चिंधीवाला नीट धुऊन घ्या आणि उद्या सकाळी त्यानेच मारा. दुपारी त्याच पंपाने तुम्ही मक्यात तणनाशक मारलं होतं. धुवायचं काम माझं. तुम्हीच शिकवलं होतं, सोडा टाकून तीन पाण्यांनी धुवायचा, नळी आणि नोझलसुद्धा. पहिलं पाणी औषधासाठी, दुसरं पंपासाठी आणि तिसरं आपल्या मनासाठी, असं म्हणायचात. तिसऱ्या पाण्याला मी नेहमी कुरकुरायचे. मन काय पंपात असतं का आबा, म्हणायचे.

त्या संध्याकाळी सर तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडणार होते. साडेपाचला जो मैदानावर नसेल तो नसेल. मी हौदापाशी पंप ठेवला, एक बादली ओतली, हलवली, सांडली. सोड्याचा डबा कोठीत होता, तिथवर जायचा कंटाळा केला. खरं तर कंटाळा नव्हे, हिशेब केला. एका पाण्याने काय बिघडतं, असा हिशेब. पंप खुंटीला उलटा टांगला आणि सायकल काढली. निवड झाली. येताना गाणं म्हणत आले.

सकाळी तुम्ही औषध कालवत होतात. मी दप्तर पाठीला लावून उभी. तुम्ही पंपाच्या तोंडाशी नाक नेलंत, जरा थांबलात, आणि मला विचारलंत, "बाई, पंप धुया का?"

"हो, धुतला."

"तीन पाणी?"

"हो आबा, तीन."

तुम्ही पुन्हा वास घेतला नाही. मी सांगितलं म्हणजे झालं. इतका विश्वास माझ्यावर आजवर नवऱ्यानेही टाकलेला नाही, आणि तो भला माणूस आहे. तुम्ही पंप पाठीवर घेतला आणि ओळीत शिरलात. मी सायकलवर बसून तुमच्याकडे बघत होते. एक हाक मारायची होती फक्त. चार पावलांवर होतात. प्रार्थनेची वेळ झाली होती, म्हणून गेले.

आठवड्याने शेंड्याची पानं वळायला लागली. रुंद पानाच्या जागी बारीक, लांबट, भेंडीच्या पानासारखी फाटलेली. दोन बिघ्यांत एक झाड सरळ नाही. नाना फांदी घेऊन पारोळ्याला औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने पान हातात धरलं आणि विचारलं, तणनाशकाचा पंप वापरला होता का? धुतला कुणी?

नाना परत आले ते थेट मळ्यात. दुसऱ्या दिवशी माझी स्पर्धा होती. मी बांधावर बूट बांधत बसले होते. नानांनी ती फांदी तुमच्यापुढे टाकली आणि माझ्याकडे वळले. तोंड उघडलं होतं त्यांनी. काय विचारणार ते तिघांनाही माहीत होतं. तेवढ्यात तुम्ही कोळपं खाली ठेवलंत आणि म्हणालात, "नाना, चूक मनी शे. बाईले मीच सांगं, तू जाय, मी धुवस. आनि इसरी गयू."

धुतो म्हणालो आणि विसरलो, अशी चूक तुम्ही स्वतःवर घेतलीत; मी मान खाली घातली आणि बुटाची नाडी पुन्हा सोडून पुन्हा बांधली. नाना तुम्हाला काय काय बोलले, ते इथे लिहिणार नाही. वयाने तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठे. बैलसुद्धा कान टवकारून उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी पंधराशे मीटर पळाले आणि पहिली आले. शेवटच्या फेरीत मागे वळून पाहिलं, कुणीही जवळ नव्हतं. घरी आले तर तुम्ही गोठ्यात होतात. पदक तुम्ही हातात घेतलं नाहीत, हाताला शेण होतं म्हणालात. एवढंच विचारलंत, मागे पाहिलंस का? मी नाही म्हणाले. एकदा जीभ वळली की वळतच जाते.

त्या वर्षी पोळ्याला बैलांची शिंगं तुम्ही रंगवलीत, झुली तुम्ही घातल्यात, आणि तोरणाखालून बैल न्यायची वेळ आली तेव्हा नानांनी कासरा माझ्या चुलतभावाच्या हातात दिला. तुम्ही भिंतीला टेकून उभे राहिलात. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग गावात सुरू झालं. पारावर बसलेला कुणीही तुम्हाला पाहून विचारायचा, हिलाल आबा, पंप धुया का? लहान पोरंसुद्धा. ज्या माणसाने विळा धुतल्याशिवाय कधी आढ्याला खोचला नाही, जेवणाची ताटली आईला न देता स्वतः विसळली, त्याला सारं गाव पंप धुतला का विचारत होतं, आणि तुम्ही हसून पुढे जायचात.

मी एकदा आले होते ना तुमच्याकडे, गोठ्यात? म्हणाले, आबा, मी नानांना सांगू का? ते 'का' लक्षात आहे माझ्या. सांगणारा माणूस सांगतो, परवानगी मागत नाही. तुम्ही नाही म्हणावं म्हणूनच मी विचारलं होतं, आणि तुम्हाला तेही कळलं होतं. वैरणीची पेंढी सोडता सोडता तुम्ही म्हणालात, "तू पय. बठ्ठं व्हई जाई." पळ तू, सगळं होईल ठीक. मला इतकं हलकं वाटलं की मी खरोखर पळत सुटले. माझ्या पाठीवरून काढलेलं ओझं तुमच्या पाठीवर गेलं, हे बघायला मी मागे पाहिलं नाही. तेवढ्या वेळी मात्र तुमचं ऐकलं.

मग आखाजी आली, अक्षय्य तृतीया. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि त्याच दिवशी पुढचं ठरतं. अकरा वर्षं ठरवायलाही लागलं नव्हतं, आई तुम्हाला पुरणपोळी वाढायची आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर असायचात. त्या आखाजीला जेवण झाल्यावर नाना म्हणाले, हिलाल, यंदा राहू द्या. तुम्हाला वाटलं होतं की राग निवळेल. मलाही वाटलं होतं. मी दारात उभी होते, आणि खरं सांगते आबा, तेव्हा माझ्या मनात तुमचा विचार दुसरा आला. पहिला आला तो धुळ्याच्या वसतिगृहाचा. खेळणाऱ्या मुलींसाठी तिथे माझं नाव लागलं होतं आणि नानांची सही बाकी होती. आत्ता बोलले तर सही गेली. तुम्ही नानांच्या पाया पडलात, ते लहान असून. बैलांच्या कपाळाला हात लावलात. मला म्हणालात, काड्या काढू नको बांधावरच्या. सही दुसऱ्या दिवशी झाली.

त्यानंतर तुम्ही कुठे कुठे राबलात ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. धुळ्याच्या बाजूला एका मळ्यात, मग कांद्याच्या चाळीवर राखणीला. बैलकामाला सगळे बोलवायचे, फवारणीला कुणी नाही. पंपाची गोष्ट तुमच्या पुढे पोचलेली असायची. मी वसतिगृहात दूध-अंडी खात होते, राज्यापर्यंत पळत होते, मग शिक्षण, मग नोकरी. फोन करायचे दिवाळीला. तब्येत कशी, पाऊस कसा. दर वेळी ठरवायचे की आज बोलायचं, आणि दर वेळी तुम्हीच विचारायचात, अजून मागे पाहतेस का? मग आपण भांडायचो आणि फोन संपायचा. ते भांडण तसंच अर्धं राहिलं. माझं म्हणणं मागे बघावं लागतं, तुमचं म्हणणं गरज नाही.

पण सगळ्यात जास्त टोचतं ते आमच्या गावातलं लग्न. दोन वर्षं झाली. वरण-बट्टीची पंगत होती, तुम्ही माझ्याशेजारी बसला होतात. सगळ्यांना सांगत होतात, ही पळायची आणि मी हिच्या मागे. तेवढ्यात वाढणाऱ्याने तुम्हाला ओळखलं आणि मोठ्याने म्हणाला, आबा, हात धुतले ना? तीन पाणी? पंगत हसली. तुम्ही हसलात.

आणि मीही हसले, आबा.

गप्प बसणं मी स्वतःला बारा वर्षं कसंबसं माफ करत आले. लहान होते, घाबरले होते, नानांचा धाक होता. पण त्या पंगतीत मी शिकलेली, कमावती बाई होते आणि मी हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. तुम्ही माझ्या ताटातली बट्टी कुस्करून दिलीत, वर तूप घ्यायला सांगितलंत. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या दिवसापासून वरण-बट्टी माझ्या घशाखाली नीट उतरत नाही.

तर सोमवार. नानांचं ते वाक्य ऐकून मी आत बसले होते. उठायची वेळ झाली, अक्कांच्या पाया पडले. त्यांनी माझा हात सोडला नाही. म्हणाल्या, तुझी पदकं पेपरात यायची तेव्हा हे माझ्याकडून वाचून घ्यायचे. मग त्यांनी हळूच विचारलं. हळूच म्हणजे काय, घरात इतकी शांतता होती की ओट्यावरही ऐकू गेलं.

"बाई, तू व्हती ना तवय? ते खरंच इसरी गयथात का? मी जलमभर इचारं. ते म्हनेत, हा, इसरी गयू. माले कधी पटनं नही."

म्हणजे तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं. बारा वर्षं, रोज ज्यांच्याशेजारी जेवलात त्यांनाही नाही. मला वाटायचं, निदान घरात तरी तुमचं नाव स्वच्छ असेल. मी तेवढंही शिल्लक ठेवलं नव्हतं.

मी नानांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुन्हा नाडी बांधत बसले असते. म्हणाले, नाही अक्का. ते विसरले नव्हते. पंप धुवायचं काम माझं होतं. त्यांनी मला विचारलं, मी धुतला म्हणून सांगितलं आणि मी धुतला नव्हता. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं.

मला वाटलं, अक्का हात झटकतील. झटकायलाच हवा होता. ओट्यावर नानांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अक्का," एवढंच म्हणाले. अक्का माझ्याकडेही बघत नव्हत्या आणि त्यांच्याकडेही. शेजारी बसलेल्या तुमच्या बहिणीला त्यांनी कोपराने हलवलं आणि म्हणाल्या, "म्हंजे ते इसरेल नव्हतात."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी मागितलंही नाही. ज्याच्याकडे मागायचं तो माणूस दहा दिवसांपूर्वी होता. फोन होता, बस होती, जळगावहून तीन तासांचा रस्ता होता. बारा वर्षांत तेवढा रस्ता मला जमला नाही, आणि पोरींना मी सांगते, अंतर डोक्यात असतं, पायात नाही. तुम्ही असताना हे बोलले असते, तर त्या पंगतीत तुम्ही खरे हसला असतात. ते मी तुमच्याकडून घेतलं ते घेतलंच.

आम्ही निघालो. नाना मोटारसायकलपाशी जाऊन किल्ली हातात धरून नुसते उभे होते. तेवढ्यात कुठल्याशा गावाहून पाच-सहा बायका दारावर आल्या, डोईवरचे पदर सावरत ओट्याची पायरी चढल्या. मी मागे वळून पाहिलं, आबा. या वेळी रागावू नका. त्या बायका अजून नीट टेकल्याही नव्हत्या, रडणंही सुरू झालं नव्हतं, आणि अक्का त्यांना सांगत होत्या, "ते इसरेल नव्हतात."